टेंगवॉल सरांचे कागद

"त्याने खिशात हात घातला?" फोनवर आर्डिसचा आवाज चढला.

"मला तसं वाटलं. पाठ होती माझ्याकडे," मार्लिस दबक्या आवाजात म्हणाली.

"जाऊ देऊ नकोस त्याला. मी आलेच!"

मार्लिस कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांचा विभाग सांभाळायची. साउथ डकोटातल्या त्या लहानशा गावात ऑर्विल टेंगवॉल सरांनी एकतीस वर्षं भाषण करायला शिकवलं होतं. शेतकऱ्यांची अबोल पोरं त्यांच्या वर्गात यायची आणि चारचौघांत उभं राहून बोलायला शिकून जायची. १९७४ साली लोकांनी फारच गळ घातली, तेव्हा सर वॉशिंग्टनला संसदेत जाण्यासाठी निवडणुकीला उभे राहिले. दोनशे बारा मतांनी पडले. पाडलं त्यांच्याच विद्यार्थ्याने, डेल ह्रुस्काने.

सुरुवातीला सरच निवडून येणार असं सगळे धरून चालले होते. मतदानाच्या आठवडाभर आधी हायस्कूलच्या जिममध्ये, खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, दोघांची समोरासमोर भाषणं झाली. वर्गात नाव विचारलं तरी ज्याला घाम फुटायचा, तो डेल त्या संध्याकाळी असा काही बोलला की मागच्या बाकांवरचे शेतकरी उभे राहिले. सरांचा एकेक मुद्दा त्याने अलगद उचलला आणि खाली ठेवला.

सरांची मुलगी आर्डिस तेव्हा सोळा वर्षांची, पहिल्या रांगेत बसलेली. बापाचा पराभव तिने त्याच संध्याकाळी पाहिला. सरांनी पुढे पुन्हा कधी निवडणूक लढवली नाही; परत वर्गात जाऊन शिकवू लागले. डेल अठरा वर्षं वॉशिंग्टनला राहिला. आर्डिस मात्र त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. समोरून येताना दिसला तर रस्ता ओलांडायची.

सर जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षी घर विकताना आर्डिसने तळघरातली चौदा खोकी ग्रंथालयाला दिली, आणि महिन्याभरात ऐंशी वर्षांचा डेल काठी टेकत दर मंगळवारी यायला लागला.

"बाबांनी त्याच्याबद्दल काहीतरी लिहून ठेवलं असणार," आर्डिस म्हणायची. "मरायच्या आधी ते गायब करायचंय त्याला."

मार्लिसला खरं तर म्हातारा आवडायचा. येताना कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, आणून बाहेरच्या काउंटरवरच्या पोरींना वाटायचा. सरांचे वर्गातले शेरे वाचून एकटाच खुदकन हसायचा. कधी चष्मा काढून बराच वेळ पुसत बसायचा. तरी नियम तो नियम. कागद मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे.

दहा मिनिटांत आर्डिस आली, ती धापा टाकतच. डेल उठायच्या बेतात होता.

"बस खाली, डेल."

पन्नास वर्षांत तिच्या तोंडून ऐकलेले हे पहिले शब्द. डेल मुकाट्याने बसला.

"खिसे दाखव."

"आर्डिस, अगं—" मार्लिस मध्ये पडली.

"दाखवू दे त्याला! निवडणूक नेली ती नेली, आता बाबांचे कागदही नेणार?"

डेलने कोटाचे खिसे उलटे केले. एक रुमाल, चष्म्याचं घर, पेपरमिंटच्या दोन गोळ्या.

"मोज," आर्डिस मार्लिसला म्हणाली.

मार्लिसने डेलच्या पुढ्यातला, 'जिममधली सभा' असं लिहिलेला फोल्डर उघडला. यादीत तेवीस कागद होते. तिने मोजले. मग पुन्हा एकदा, बोट ओलं करून.

"किती गेले?"

"गेले नाहीत." मार्लिसने डेलकडे बघितलं. "चोवीस आहेत."

डेल मान खाली घालून काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. "सरांनी वचन घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही म्हणून," तो म्हणाला. "पण मी गेल्यावर माझी पोरं तो कागद फेकून देतील. दर मंगळवारी खिशात घेऊन यायचो. आज इथे ठेवायचा धीर झाला."

आर्डिसने तो जास्तीचा कागद ओढून काढला. टाइप केलेलं भाषण होतं, वर डेलचं नाव. ओळीओळीत तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त्या केलेल्या. बाबांचं ते तिरकं, घाईचं अक्षर तिने लहानपणापासून पाहिलेलं. 'इथे श्वास घे.' 'हे वाक्य लांबलंय, तोड.' 'माझा कालव्याचा मुद्दा कच्चा आहे, तो इथे खोडून काढ.'

ती खुर्चीत बसली. कागद डोळ्यांजवळ नेला. तळाशी त्या सभेचीच तारीख होती, आणि तिच्याखाली लिहिलं होतं: 'आता जमलं. संध्याकाळी बोलताना माझ्याकडे बघू नकोस, डेल. मला हसू लपवता येणार नाही.'