लॅपटॉपचा वेग

शैलजा गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा मी तिच्याच लॅपटॉपवर तिचा रिपोर्ट उघडायची वाट बघत होतो.

लॅपटॉप इतका हळू का चालतो, हे तेराव्यानंतर भाचीने बघितलं.

“मामा, बिघाड काही नाही. मामीनेच पॉवर सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग निम्म्यावर आणून ठेवलाय.”

“कशाला?”

“वेग वाढला की तो तापतो, मग आतला पंखा घरघरतो. मामी रात्री तुमच्या शेजारी बसून काम करायची ना? म्हणायची, तुझ्या मामाची झोप म्हणजे मांजराची, जरा खुट्ट झालं की मोडते. आता वेग शंभर टक्के करू?”

“कर.”

लॅपटॉप भराभर चालायला लागला. थोड्या वेळाने पंखा सुरू झाला. मी डोळे मिटून ऐकत बसलो. आवाज फार नव्हता. मला झोप लागली असती.

हे तिला सांगायचं राहिलं.