झाकली मूठ

जपानातल्या ओसाफुने गावात तलवारी घासणारा कुमाशिरो. त्याने तलवार दोन्ही हातांनी कपाळाला लावली, पातं उपसायला अंगठा टेकवला, आणि समोर बसलेल्या फुसाएने डोळे मिटून घेतले. झालं! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती आज उघडणार.

बाहेर योशिई नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. आत ओल्या दगडांचा आणि लाकडी पिंपातल्या पाण्याचा वास होता. शेजारी लेक इत्सुको गुडघे टेकून बसली होती, उतावळी. वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. त्या दिवशी घराण्याची तलवार लखलखीत करून त्यांच्या तसबिरीपुढे ठेवायची, हे तिने मनात धरलं होतं. फुसाए नको नको म्हणत राहिली. पण लेक कुणाची? बापाची. हट्ट म्हणजे हट्ट.

पातं बाहेर आलं. लाकडाचं होतं.

"अगं बाई!" इत्सुको ओरडलीच. "आई, हे काय? बाबांची तलवार विकून खाल्लीस की काय तू?"

फुसाएने डोळे उघडले. आता सांगावंच लागणार होतं.

नवरा तिचा तोकुजी, कुंभार. भट्टीच्या जाळाकडे बघत अर्धी हयात गेली, आणि एका दुखण्यात दोन्ही डोळे गेले. मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. एक दिवस म्हणाला, "फुसाए, आजोबांची तलवार आण गं. नुसती मांडीवर ठेवतो." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. नुसती मांडीवर! तिला काय कळत नव्हतं? जिवाचं काही करून घ्यायचं होतं त्याला. शेवटी तिने तलवार रजईत गुंडाळली आणि इथेच, या कुमाशिरोच्या वडिलांपुढे येऊन रडली. म्हाताऱ्याने मुकाट्याने पातं काढून घेतलं आणि म्यानात लाकडाचं बसवून दिलं. खरं पातं वेगळं जपून ठेवलं की म्यान-मुठीत असं लाकूड घालायची रीतच आहे.

घरी येऊन तिने ती तोकुजीच्या मांडीवर ठेवली. पात्यावर श्वास पडू नये म्हणून त्याने रीतीप्रमाणे ओठांत कागद धरला. पातं उपसलं. बोट फिरवलं. किती तरी वेळ तसाच बसून राहिला. मग म्यान बंद केलं, कागद काढला आणि म्हणाला, "अगं, केवढी जड ही! हात भरून आला माझा. ठेव उचलून."

अंथरुणाला खिळलेला माणूस, त्याला सगळंच जड वाटणार. फुसाएच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन उठला आणि मातीपाशी जाऊन बसला. तलवार पुन्हा मागितली नाही. फक्त दर शरदात, कोवळ्या उन्हात बसून, तो पात्याला लवंगेच्या वासाचं तेल लावायचा आणि शेवटी तेच म्हणायचा, केवढी जड ही! फुसाए समोर बसून बघायची आणि आतून कुरतडली जायची. त्यानंतर तो तीस वर्षं जगला, नातवंडं खेळवली, गेला. काटा तेवढा राहिला.

हे सगळं तिने आता मान खाली घालून सांगितलं. "फसवलं गं मी तुझ्या बाबांना. आंधळ्या माणसाला फसवलं."

कुमाशिरो उठला आणि वरच्या फळीवरून साध्या लाकडी म्यानातलं एक पातं घेऊन आला.

"आमचे वडील सांगून गेले होते," तो म्हणाला, "हिची मूठ एक दिवस दारात येईल. तोवर तेल लाव, पण घासू नकोस."

त्याने लाकूड काढून ते पातं फुसाएने आणलेल्या मुठीत घातलं. मुठीच्या भोकासमोर पात्याचं भोक आलं. बांबूची खुंटी अल्लद आत गेली. हीच ती. मग त्याने अंगठ्याखाली दगडाची कपची धरली आणि नखाएवढी जागा ओली करून घासली. गंजाचा ठिपका गेला. पोलादाच्या आत धुकं दिसलं, बाहेर नदीवर होतं तसंच, आणि ते हलतंय असं वाटलं. इत्सुको श्वास रोखून बघत राहिली.

"सगळी घासा," ती हळूच म्हणाली.

कुमाशिरोने मान डोलवली. मग ते लाकडाचं पातं उचललं, हुंगलं, आणि हसला.

"आजी, फसवलं म्हणता? अहो, पोलादावर तेल नुसतं फिरतं. लाकूड ते पिऊन टाकतं. हे बघा, गाभ्यापर्यंत काळं झालंय. हे बोटांना कळणार नाही? आणि बोटं कुणाची, तर कुंभाराची!"

फुसाएला तोकुजीच्या ओठांतला तो कागद दिसला, आणि ती किती तरी वेळ हललीच नव्हती ती बोटं.

इत्सुकोने लाकडाचं पातं म्यानात घालून बघितलं. "अय्या, किती हलकी गं ही! कापूस नुसता." तिने ते आईच्या हातात दिलं.

फुसाएने दोन्ही हातांनी ते छातीशी धरलं. डोळ्यांतून धार लागली होती.

"हलकी?" ती म्हणाली. "अगं, केवढी जड ही! हात भरून आला माझा."