जोतीरामच्या घरचा चढ

मंगळवार पेठेतल्या बोळाचा चढ अर्धा झाला आणि केरबाची खुर्ची थांबली. खुर्ची चालवायची दांडी त्यानं पुढं रेटून धरली होती, ती तशीच धरून ठेवली. मोटार एकदा गुरगुरली आणि गप्प झाली. सीटखालच्या पेटीतून जळका वास आला.

मागून येणाऱ्या सिकंदरनं धावत जाऊन चाकाखाली दगड लावला. शिवाजी पेठेत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बॅटरीवर चालणारी ही खुर्ची त्यानंच आपल्या दोस्तासाठी वर्षभर खपून बनवली होती. केरबा एकेकाळचा पैलवान. पंच्याहत्तर सालच्या एका कुस्तीत जोतीरामनं त्याला उचलून टाकलं, मणका मोडला आणि कमरेखालचं अंग गेलं. जोतीराम त्यानंतर आखाड्यात उतरला नाही, केरबाच्या समोरही कधी आला नाही. आता पोटाच्या दुखण्यानं तो अंथरुणाला खिळला होता. दवाखान्यानं हात टेकून घरी पाठवून दिलं होतं, म्हणून केरबा त्याला भेटायला निघाला होता.

सिकंदरनं पेटी उघडून आत बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "मोटारीला दोन ट्रान्झिस्टर हायत, वरचा नि खालचा. आळीपाळीनं चालू-बंद हुतात. वरच्याला चालू ठिवायला बॅटरीपेक्षा चढं व्होल्टेज लागतं. ते एका बारक्या कपॅसिटरमधनं, म्हंजे वीज साठवायच्या डबीतनं येतं, आणि तो भरतो खालचा चालू झाला की. सपाटीवर तू दांडी अर्धीच रेटायचास. खालच्याची पाळी यायची, कपॅसिटर भरायचा. आज पुरी रेटलीस. वरचाच सारखा चालू, खालच्याची पाळीच न्हाय. कपॅसिटर रिकामा झाला. मग वरचा धड चालू न्हाय, धड बंद न्हाय. तसाच तापून जळला."

"मग आता?"

"वरच्याला त्याचा स्वतःचा वेगळा पुरवठा द्यायचा. बारका ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो. मग दिवसभर दांडी रेटून धर, थांबणार न्हाय. उद्या दुपारपर्यंत हुईल. आज मी ढकलतो. घर ते काय, दिसतंय की."

घर खरंच दिसत होतं. जोतीरामची बायको चिमणाबाई कपाळावर हात धरून खाली बघत दारात उभी होती.

"ढकलायचं न्हाय," केरबा म्हणाला.

"अरं, जोतीरामचा आज-उद्याचा भरवसा न्हाय."

"म्हणूनच. मला कुणी ढकलत आणलेला बघितला तर त्याला परत तेच दिसंल, आपण मोडलेला माणूस. मी माझा चालवत गेलो पायजे. मग सांगीन, तुझा डाव चोख हुता, पाय माझा घसरला."

सिकंदरनं पेटीचं झाकण लावलं. "एवढी वर्षं सांगितलं न्हाईस?"

"रागात हुतो." केरबानं मान फिरवली. "चल खाली. उद्या येऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिकंदरनं खुर्ची विटांवर चढवली आणि दांडी पुरी रेटून बांधून ठेवली. चाकं फिरत राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं वरच्या ट्रान्झिस्टरला हात लावला. नुसता कोमट होता.

चढाला केरबानं दांडी पार पुढं नेली. खुर्ची एका लयीत वर निघाली. कालची जागा मागं पडली तसा तो हसला. त्याला असं हसताना सिकंदरनं कैक वर्षांत बघितलं नव्हतं.

मग ओट्यासमोरची माणसं दिसली. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. भिंतीला हिरवे बांबू टेकवले होते.

दारापर्यंत पोचेस्तोवर केरबानं दांडी सोडली नाही.

"पहाटं गेलं," चिमणाबाई म्हणाली. "काल त्येस्नी सांगितलं, केरबाभावजी चढावर आल्यात. तर उठून बसलं. दिवे लागंपतूर तसंच बसून हुतं."

उंबरा उंच होता. चौघांनी खुर्ची उचलून आत नेली. केरबा नको म्हणाला नाही.

जोतीरामला जमिनीवर ठेवलं होतं. केरबा खुर्चीतूनच त्याच्याकडं झुकला.

"कानात सांगा, भावजी," चिमणाबाई म्हणाली. "काय सांगायचं असंल ते."

त्याला तेवढं वाकता येत नव्हतं. सिकंदरनं काखेत हात घालून त्याला खुर्चीतून काढलं आणि जोतीरामच्या शेजारी आडवं केलं. केरबानं तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि हळूहळू बोलायला लागला.

बाहेर तिरडी बांधून झाली. कुणी घाई केली नाही.