बर्फाचे दोन वाडगे

दोन्ही वाडग्यांत सारखाच बर्फ होता आणि बर्फात रोवलेल्या दोन्ही नळ्यांत सारखेच निवळ पाणी दिसत होते. तरीही धोंडिबाला आपल्यापुढचा वाडगा उष्टा वाटला.

"धोंडिबा, तुमच्या नळीत साधं पाणी आहे," सबनीस मॅडम म्हणाल्या. "जयदेवच्या नळीत प्रथिन. दोघंही हात जपून चालवा."

"मॅडम, पाणी घालायला मी काय तुळशीपाशी आलोय?"

मॅडम हसल्या. "पाण्याची अंडी शेजारी नसतील, तर प्रथिनानं काय केलं ते कळणार कसं?" असे म्हणून त्या निघून गेल्या.

अंबरनाथ पूर्वेच्या कारखान्यांमध्ये दडलेल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत गेला महिनाभर त्या प्रथिनाखेरीज दुसरा विषय नव्हता. ते परदेशातून विमानाने आले होते. मनुष्याच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात असा जो निसर्गाचा हुकूम असतो, तो म्हणे जिवाणूंच्या पोटात घालून त्यांच्याकडून हे प्रथिन घडवून घेतात. कुपी उघडली तेव्हा ती रिकामीच भासली होती. तळाशी धुके बसावे तेवढी भुकटी. त्या भुकटीचा एक थेंब कोंबडीच्या उबवत्या अंड्यात, आतल्या पातळ पडद्यावर ठेवला, की चोहोबाजूंच्या रक्तवाहिन्या थेंबाकडे धाव घेतात, असे मॅडमनी सांगितले होते.

आता अंड्याच्या कवचाला आत पोचायची खिडकी कापावी तर ती धोंडिबानेच. त्याच्या हातचे अंडे सहसा दगावत नसे. मॅडम त्याला हातगुण म्हणत. जयदेव मांजर्लीहून येणारा, बी. एस्सी. झालेला पोरगा, खिडकी कापण्याची विद्या त्याला धोंडिबानेच दिली होती. आणि आज गुरूच्या वाट्याला पाणी व शिष्याच्या वाट्याला प्रथिन! त्यात मुंबईहून मोठे साहेब स्वतः पाहायला येणार होते आणि दोघांपैकी एकालाच नोकरीत कायम करणार होते. धोंडिबा दहा वर्षे हंगामी होता. जयदेवचा इस्त्रीचा पांढरा कोट पाहिला, की त्याच्या अंतःकरणात विस्तव पडल्यासारखे होई.

बर्फाच्या ओलीत शाई टिकत नाही, म्हणून नळीवर काही लिहायचे नाही, नाव वाडग्यावर लिहायचे, अशी तिथली रीत होती. धोंडिबाची नजर त्या रीतीवर खिळली.

जेवणाचा भोंगा झाला. "दादा, तुम्ही व्हा पुढं," जयदेव म्हणाला. "मी डबा घेऊन आलोच."

तो आला तो बराच उशिरा. त्याचे कान तांबडे झाले होते. डबा उघडून त्याने सुक्या बोंबलाची चटणी धोंडिबापुढे सरकवली. "घ्या, दादा. आईनं केलीय. आज सगळं मनासारखं होणार बघा."

"कुणाच्या मनासारखं?"

जयदेव नुसताच हसला. ते हसणे धोंडिबाला काट्यासारखे रुतले. चटणीला बोट न लावता तो उठला. "हात धुऊन येतो," म्हणाला.

प्रयोगशाळेत कोणी नव्हते. त्याने डाव्या वाडग्यातली नळी उजव्यात रोवली आणि उजव्यातली डाव्यात. बर्फाचा चुरा पुन्हा नीट दाबला. जेवणानंतर दोघांनी आपापल्या वाडग्यातले थेंब कागदाच्या इवल्या चकत्यांवर घेऊन आपापल्या अंड्यांत ठेवले आणि खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या. धोंडिबाचा हात त्या दिवशी देवपूजेला बसल्यासारखा स्थिर होता.

तीन दिवसांनी साहेब आले, त्या दिवशी धोंडिबाने दाढी केली होती. बायकोने, भागीरथीने, सदरा धुऊन दिला होता. मॅडमनी पहिली पट्टी धोंडिबाच्या अंड्याची काढली. आत इवले काळीज धडधडत होते, रक्तवाहिन्या आपापल्या वाटेने गेल्या होत्या आणि मधोमध कागदाची चकती अनाथासारखी पडली होती. दुसरे अंडे तसेच. तिसरेही तसेच.

मग जयदेवची पट्टी निघाली. बैलगाडीच्या चाकाचे आरे जसे मधल्या तुंब्यात येऊन मिळतात, तशा तांबड्या बारीक रेषा दाही दिशांनी चकतीकडे धावल्या होत्या. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"हे कुणाच्या हातचं?"

"जयदेवच्या," मॅडम म्हणाल्या.

"मग ह्यालाच कायम करा," साहेब म्हणाले आणि चहाला वळले.

धोंडिबाच्या डोक्यात एकच गोष्ट उरली. पोराने आपल्याला पाहिले असले पाहिजे आणि पाठीमागून सगळे पूर्ववत केले असले पाहिजे. त्याने जयदेवला मोरीपाशी गाठले. "नळ्या तू बदलल्यास."

जयदेवचा चेहरा पांढरा पडला. "दादा, तुम्हाला कळलं?"

"कधी बदलल्यास ते सांग."

"डबा आणायला थांबलो तेव्हा." त्याचा आवाज खाली गेला. "म्हटलं, दादांनी एवढी वर्षं काढली, साहेबांपुढं खिडकी त्यांची फुलू दे. माझं काय, माझं पुढच्या साली होईल. मॅडमना सांगू नका, दादा. माझी नळी मी माझ्या हातानं तुमच्या वाडग्यात ठेवली होती. पण मग फुललं माझ्याकडेच कसं?"

धोंडिबा आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला.

"हातगुण," तो म्हणाला.