तीन नंबरची वायर

"आज पाच वाजता नेट गेलं ना, तर सखाराम, उद्यापासून तू येऊ नको," एवढं बोलून चेअरमन परशुरामभाऊ लिलावाच्या शेडकडे निघून गेले.

मिरकरवाड्याच्या त्या मच्छीमार सोसायटीत रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेडमधल्या काट्याचं वजन ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यायचं बंद व्हायचं आणि लिलाव अडकायचा. राउटरच्या शेजारच्या प्लगवर शिपाई सखारामकाका मोबाइल चार्ज करायचे. म्हणजे राउटरची पिन तेच काढतात, हे भाऊंनी ठरवूनच टाकलं होतं.

"मी हात पण नाय लावत, बाय," काका हळूच म्हणाले.

बाय म्हणजे हेमा. राउटर बघायला आलेली, देवरूखची, वय चोवीस, पाठीला लॅपटॉपची सॅक. तिनं काकांना खरंखोटं काही विचारलंच नाही. नेट गेल्यावर सगळ्यात आधी काय करता, एवढंच विचारलं. राउटर बंद करून परत चालू करतो, भाऊंनीच तसं सांगून ठेवलंय, असं काका म्हणाले. हेमाला हसूच आलं. काय काय घडलं ते राउटर लिहून ठेवतो, पण स्वतःच्या पोटात. बंद केला की सगळं पुसलं जातं. एकुलता एक साक्षीदार, आणि त्यालाच रोज गप्प करत होते की सगळे!

मग तिची बोटं अशी चालली की नुसतं बघत राहावं. रोज बंद करून राउटरचं घड्याळ परत सुरुवातीला, १९७० सालात, जाऊन बसायचं, ते तिनं आजच्या वेळेवर आणलं. नोंदी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरतील असं केलं. बारीकसारीक गोष्टींसाठी फोन वाजायला नकोत, म्हणून मेसेज दोनच गोष्टींवर ठेवला: राउटर बंद होऊन चालू झाला तर, आणि एखादी वायर सुटली किंवा जोडली गेली तर. मेसेज दोन फोनवर जाणार होता. एक भाऊंचा. दुसरा नंबर तिनं काकांना विचारून त्यांचाच टाकला.

पाच वाजायला आले तसे काका राउटरपासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे.

भाऊ आले. मासळीची पिशवी रोजच्यासारखी बाहेर पडवीत अडकवली आणि आत पाऊल टाकलं. दोन्ही फोन एकदम वाजले.

"पाच वाजून चार मिनिटं. तीन नंबरची वायर सुटली," काकांनी अक्षर अक्षर लावत वाचलं.

भाऊंनी आधी राउटरकडे पाहिलं. पिन जागेवर होती, दिवे लुकलुकत होते. तीन नंबरची वायर पडवीतून शेडकडे जाते, हेमानं सांगितलं. सगळ्यांनी बाहेर बघितलं. भिंतीवरून गेलेली निळी वायर पार वाकली होती. तिच्यावर भाऊंची मासळीनं भरलेली पिशवी लोंबत होती.

शेडमधून ओरडा आला, वजन अडकलं म्हणून.

हेमाला त्या वेळी काहीही बोलता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, पिशवी जरा हातात घ्या."

भाऊंनी घेतली. फोन परत वाजले. वायर जोडली गेली होती.

काका उठले. कपाटातून हातोडी काढली आणि पडवीच्या खांबात एक जाड खिळा ठोकला, भाऊंच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. भाऊंनी पिशवी त्या खिळ्याला अडकवली. पण हात सोडायच्या आधी ते थांबले, आणि परत वाजतोय का म्हणून काकांच्या फोनकडे बघत राहिले.