शेवंताबाईचं सूप

इंग्रज साहेब देश सोडून गेले आणि विलायती काडतुसं मिळेनाशी झाली, तसे शिंदखेड्याचे नासीरभाऊ रायफलीची रिकामी काडतुसं घरीच भरू लागले. दर खेपेला बारूद थोडी कमी-जास्त करायची आणि शेवंताबाईच्या शेतात, चुना फासलेल्या सुपावर बार काढून पाहायचे. नेम जमला की शिकारीला थेट सातपुड्यात! पण स्वतःचा नेम स्वतः तपासू नये, ही उस्तादांची शिकवण. म्हणून सूप बघायला शेवंताबाईच धावायची.

"भाऊ, आज बी गोळी वरच गई! बारूद कमी करी देखा."

नासीरभाऊ मान हलवत घरी जायचे.

 

सुपाच्या मधोमध मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. पण बार सुरू झाल्यापासून शेवंताबाईच्या भुईमुगात एकही रानडुक्कर फिरकलं नव्हतं.