दादाशिवायचं गाणं

"हे बटण दाबलं की दादाच्या आवाजाची बकरी का होते?" धाकट्याने विचारलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "वेग वाढवलात म्हणून. आवाज काढायचं बटण शेजारचं." ती शाळेच्या कार्यालयात कामाला होती, त्यामुळे घरातलं कॉम्प्युटरचं खातं तिच्याकडे.

"सॉफ्टवेअरच भिकार आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं. फुकटात घेतलंय, त्यात आणखी काय मिळणार?"

भिकार होतं हे खरंच. गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज वगळायचा आणि वाद्यं तेवढी ठेवायची, एवढी एकच करामत त्याला येत होती. तीही हातचं राखून. सुरुवातीचा तुकडा ऐकवायचं आणि पुढचं ऐकायचं तर आधी पूर्ण गाणं तयार करा म्हणून अडून बसायचं. तयार करायला लावलं की कॉम्प्युटर दुपारभर घरघरत राहायचा. चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेलेला माणूस पहिल्यांदाच रीमिक्स करायला बसला, तर दुसरं काय होणार म्हणा. पण धाकटा हटत नव्हता. रविवारी दादाचा सत्कार होता.

गाणं एकच. दोघे भाऊ तरुण असताना रेकॉर्ड केलेलं. दादा गायला होता, धाकट्याने व्हायोलिन वाजवलं होतं. त्या एका गाण्यावर दादाने उभा जन्म काढला. केस कापायच्या दुकानात, बसमध्ये लोक ते गुणगुणायचे आणि त्यातल्या दादाच्या लकेरींवर तर जीव टाकायचे. ओळ संपता संपता दादा अशी काही लकेर घ्यायचा की अंगावर काटा यावा. व्हायोलिन कोणी वाजवलं, हे विचारायला कुत्रंही आलं नाही.

त्या लकेरींवरच धाकट्याचा दात होता.

"ऐन माझ्या जागा," तो बायकोला सांगायचा. "जिथं म्हणून व्हायोलिन मोकळं होतं, तिथं नेमका हा येऊन पसरतो. सरावात यातली एकही लकेर नव्हती. रेकॉर्डिंगच्या दिवशी आयत्या वेळी घुसवल्या. भाऊ कसला, भाऊबंद."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलतो कधी? एकदाच वाजवायला मिळालं. स्टुडिओवाला दाराशी उभा, पुढचे लोक आलेत म्हणून. आणि दादा म्हणाला, झकास झालंय, चल."

हे विष त्याने वर्षानुवर्षं पोटात ठेवलं. दोघांचं येणंजाणं आटलं. दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं, गाण्याचा आवाज गेला, तेव्हा धाकटा दवाखान्यात जाऊन खुर्चीच्या टोकावर बसून आला. वाईट वाटलं नाही असं नाही. पण आत कुठंतरी वाटलं, आता तरी गप्प बसेल. त्याची लाजही वाटली. पण वाटायचं ते वाटलंच.

शनिवारी एकदाचा तो सुरुवातीचा तुकडा साधला. आधी व्हायोलिन एकटंच होतं, गोड, भरदार. मग पहिली ओळ आली, आणि दादा आलाच नाही. नुसतं व्हायोलिन वाजत राहिलं. धाकट्याचे डोळे भरून आले. त्याने पूर्ण गाणं तयार करायला लावलं.

"झालं की एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्या," बायको म्हणाली.

"वाजवलं कोणी? मी. मला काय ऐकायचंय? ऐकायचंय लोकांनी."

"दादांच्या सत्कारात दादांनाच वगळताय. बरं नाही दिसत ते."

"इतकी वर्षं मी वगळलेलाच आहे. तेव्हा नाही कोणाला दिसलं."

बायको घड्या उचलून आत गेली.

रविवारी सभागृह भरलं होतं. दादा पहिल्या रांगेत बसला होता, गळ्याला मफलर गुंडाळून. भाषणं झाली, आणि मग भावाला म्हणून धाकट्याला मंचावर बोलावलं. त्याने माइक हातात घेतला.

"या गाण्यात जे आजवर कोणाला ऐकूच आलं नाही," तो म्हणाला, "ते आज ऐकवतो. दादाचा आवाज काढून टाकलाय. नुसतं व्हायोलिन."

दादाचा चेहरा उतरला. त्याने धाकट्याकडे बघत मान हलवली, नको म्हणून. धाकट्याला बरं वाटलं. झोंबलं तर. मंचावर आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरवर त्याने गाणं सुरू केलं.

सुरुवातीलाच टाळ्या पडल्या. पहिली ओळ गेली. मग ती जागा आली, जिथं दादाची पहिली लकेर असायची, आणि व्हायोलिनवरचं बोट घसरलं. सूर चिरकला, हरवला, मग धापा टाकत येऊन ताल पकडला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"सॉफ्टवेअर फुकटचं आहे हो," धाकटा माइकवर म्हणाला.

दुसरी जागा आली. पुन्हा तेच. याला सॉफ्टवेअर काय करणार? स्वतःचं बोट माणूस ओळखतो. बायकोने मान खाली घातली. गाणं बंद करायला तो कॉम्प्युटरकडे वळला, पण बटण काही सापडेना.

तेवढ्यात दादा उठला. सावकाश मंचावर आला आणि त्याने धाकट्याच्या हातातून माइक घेतला. डॉक्टरांनी त्याला मोठ्याने बोलायचीही बंदी केली होती. आता हा भरसभेत माझी शोभा करणार, धाकट्याला वाटलं, आणि करू दे, तेच माझ्या लायकीचं आहे.

दादा गाण्याकडे कान लावून उभा राहिला. व्हायोलिन पुन्हा सरळ चाललं होतं. सूर पुढच्या वेळी कुठं घसरणार, हे त्या सभागृहात एकालाच माहीत होतं. दादाने माइक तोंडाशी धरला, आणि सूर घसरायच्या आधीच लकेरीसाठी श्वास भरून घेतला.